तलावाच्या काठाला भिंत नको

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या तालुक्यातल्या मामा, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) ताब्यात असलेल्या माजी मालगुजारी तलावांच्या सौंदर्यीकरणाची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या अंकात वाचली. चारही अंगांनी दगडी भिंत, तिच्यावर सिमेंटच्या ठोकळ्यांची पायवाट, रेलिंग आणि रंगीत दिवे. तलावांसाठी पैसा येतो आहे याचा मला आनंद आहे. पण त्या भिंतीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण गेली अकरा वर्षं तलावाचा काठ हेच माझं काम आहे. मी तैलरंगात तलाव रंगवते, दुसरं फारसं काही रंगवत नाही.

सोमवारी मी घरीच असते. कॅनव्हास चौकटीवर ताणायचा, अस्तराचा पांढरा थर द्यायचा, वाळला की घासून दुसरा द्यायचा. मंगळवारपासून शनिवारपर्यंत, गुरुवारचा बाजार सोडून, उजाडायच्या आधी तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर. सध्या त्या वेळी पाणी दिसत नाही, नुसतं धुकं असतं, आणि मासे धरणाऱ्या ढिवरांच्या डोंग्याचा आवाज आधी येतो, डोंगा मागून. सूर्य वर आला की एक उजेड जेमतेम पाऊण तास टिकतो. मग तो कॅनव्हास बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा आणि पहिल्याला दुसऱ्या दिवशी त्याच वेळी हात लावायचा. एक चित्र असं पाच-सहा सकाळी खातं.

तैलरंग पाण्याच्या रंगासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं. मातकट तपकिरी रंग लवकर धरतो, पांढरा कितीतरी दिवस ओला राहतो. आधी पातळ थर, नंतर जास्त तेलाचा. हा क्रम चुकला तर पुढे चित्राला भेगा जातात. जवस आमच्याच घरचं पीक आहे. कापणीच्या आधी, बांधीत ओल असतानाच, वडील उभ्या धानात जवस आणि लाखोरी फेकतात. त्याला आमच्याकडे उतेरा म्हणतात. घाणीचं तेल रंगात तसंच वापरता येत नाही, ते पिवळं पडतं, म्हणून मी शुद्ध केलेलं विकत आणते. पण पाळीवर बसलं की एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला, पाळीखालच्या बांध्यांमध्ये, जवसाची निळी फुलं दिसतात. ती ओल तलावाचीच.

पाणी कसं दिसतं हे शिकवता येतं. पायाजवळच्या पाण्यात तळाचा चिखल दिसतो, दूरच्या पाण्यात आकाश. काळ्या झाडाचं प्रतिबिंब झाडाहून जरा उजळ येतं, बगळ्याचं प्रतिबिंब बगळ्याहून जरा काळपट. हे मी नागपूरला चित्रकला शिकताना ऐकलं होतं, घोकलंही होतं. काठ मात्र कोणी शिकवला नाही. सुरुवातीच्या माझ्या सगळ्या चित्रांत पाणी आणि जमीन यांच्यामध्ये एक रेष आहे. चित्र बरं दिसतं, पण तो तलाव वाटत नाही, भरलेलं टाकं वाटतं. का, ते मला बरीच वर्षं कळत नव्हतं. एका ढिवरकाकांनी मागे उभं राहून चित्र पाहिलं आणि म्हणाले, "तलावाले काठ नसते बाई, उतार रायते."

तेव्हापासून मी तो उतार बघायला लागले. आधी वाळलेलं गवत. मग ओल्या मातीत जनावरांच्या खुरांचे खळगे, प्रत्येक खळग्यात बोटभर आकाश. मग देवधानाच्या, म्हणजे रानभाताच्या काड्या, अर्ध्या पाण्यात, अर्ध्या बाहेर. मग कमळाची पानं, त्यांच्यावरून चालणारे कमळपक्षी. मोकळं पाणी सुरू होतं ते त्याच्याही पुढे. ही जागा पावसाळ्यात पाण्याखाली असते, दिवाळीनंतर उघडी पडायला लागते, उन्हाळ्यात तिथे गुरं चरतात. दोन रंग एकमेकांत मिसळून रेष दिसेनाशी होते, तिला चित्रकार हरवलेली कड म्हणतात. ती मला कॅनव्हासवर जमायच्या कितीतरी आधी इथे तयार होती. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थ तलावाकाठी राहिले आणि तोच परिसर पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. शिकत असताना मला वाटायचं, एकाच तलावात इतकं काय असणार. आता तसं वाटत नाही.

शेजारच्या एका गावातल्या तलावाला दोन वर्षांपूर्वी अशीच सभोवार भिंत झाली. त्या तलावाची माझ्याकडे आधीची चौदा चित्रं आहेत. भिंत झाल्यावर मी तिथे सहा वेळा गेले, एकही चित्र पुरं झालं नाही. माझ्या चित्रांचं सोडून देऊ. पण बसल्या बसल्या जे दिसलं ते सांगते. पाण्याकडे जायला दोनच पायऱ्या ठेवल्या आहेत, तिथे म्हशी उतरत नाहीत. खोदताना यंत्राने कडा सरळ कापल्या, त्यामुळे उथळ पाणीच उरलं नाही. देवधान गेलं, कमळ गेलं. पावसाळ्यात मासे उथळ पाण्यातल्या गवतात अंडी घालतात, ते गवतही गेलं. ज्या ढिवरांचं पोट या पाण्यावर आहे, त्यांना हे माझ्यापेक्षा आधी कळलं, त्यांना कोणी विचारलं नव्हतं एवढंच.

मामा तलावाची रचना मुळातच वेगळी आहे. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी हे तलाव बांधले तेव्हा त्यांनी जमिनीचा उतार बघून खालच्या अंगाला मातीची पाळ घातली आणि वरचं अंग मोकळं ठेवलं. पाणी त्या मोकळ्या अंगाने, जंगलातून आणि शेतांतून येतं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, पण पाणी अजून त्याच वाटेने येतं. तिथेच भिंत घातली तर ते आत कुठून येणार?

पाळीला पाण्याच्या बाजूने दगड लागतो, लाटांनी माती खचते, हे मला मान्य आहे. गाळही काढायलाच हवा, आणि तो शेतकऱ्यांना द्यावा. बेशरम हे काठावर माजणारं झुडूप, ती मुळासकट काढावी, नुसती तोडली तर तिचा पडलेला प्रत्येक तुकडा पुन्हा रुजतो. भंडारा-गोंदियात काही गावांत ढिवर बायांनी बेशरम उपटून तिथे पाण्यातल्या मूळच्या वनस्पती लावल्या आहेत. मला विचाराल तर सौंदर्यीकरण हे आहे, आणि पैसा तिथे खर्च व्हावा. वरचं अंग मोकळं ठेवा. खोदताना कडा सरळ न कापता उतार राखा. गुरांची वाट राहू द्या. दिवे पाळीवर नकोत, रात्री पाण्यावर उतरणाऱ्या बदकांना अंधार लागतो. थंडीत ती दुरून येतात, आणि आमचा तलाव त्यांना अजून सापडतो.

आणखी एक. माझ्या प्रत्येक लहान चित्राच्या मागे मी तारीख, वेळ आणि त्या दिवशी पाणी कुठल्या दगडापर्यंत किंवा कुठल्या झाडापर्यंत होतं ते लिहून ठेवते. आधी ही सवय स्वतःसाठी लावली, उजेड आठवावा म्हणून. आता अशी तीनशेच्या वर चित्रं घरात आहेत. आमच्या तलावाचं पाणी कोणत्या महिन्यात कुठवर चढतं आणि कुठवर उतरतं, हे त्यांत दिसतं. कामाचा नकाशा ज्यांच्या हातात आहे त्यांनी तो पक्का करण्याआधी ती एकदा पाहावीत. मी सगळी पाळीवर ओळीने मांडून ठेवीन. गुरुवार सोडून कोणत्याही सकाळी या. सात वाजेपर्यंत आलात तर धुकंही असेल.

आपली,
एक चित्रकार
ता. साकोली, जि. भंडारा
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)