आण्णांच्या गुडघ्याला झेपतील असे ब्रेक

कोव्हेंट्री, रविवार रात्र

प्रिय दादा,
सा. न.

फोटो मिळाले. आण्णांच्या अँबॅसेडरचे पुढचे ड्रम ब्रेक काढून डिस्क बसवायचं म्हणतोयस, त्याचं नंतर बोलू, आधी एक काम कर. अनगोळच्या घरामागे गाडी ज्या विटांवर चढवून ठेवलीयस, त्या विटा काढ. वीट फुटायच्या आधी सांगत नाही, आणि नेमका तेव्हा तू खाली हात घालून बसलेला असशील. लाकडाचे जाड ठोकळे घे, नाहीतर मेस्त्रींकडनं दोन स्टँड मागून आण. मागच्या चाकांना दगड लावायला विसरू नको.

आता आंबोलीचं. आई मागे बसलेली आणि घाट उतरताना पायडल फळीला टेकलं, हे वाचल्यापासून ते माझ्या डोक्यातनं जात नाही. आण्णा म्हणतात तसं ऑईल गळालेलं नसणार. गळालं असतं तर खाली दानोलीला अर्धा तास थांबल्यावर ब्रेक परत आले नसते. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारं भांडं, त्याला आतनं शू दाबून थांबवतात. ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब जातो, म्हणून पायडल खाली खाली जातं. शूवरच्या गरम लायनरची पकडही ढिली पडते. त्यात ब्रेक ऑईल शेवटचं कधी बदललं, हे घरात कुणालाच आठवत नाही. ते हवेतलं पाणी पीत राहतं. कोरं डॉट ३ ऑईल निदान २०५ अंशांपर्यंत टिकायला हवं, पाणी प्यालेलं १४० च्या आसपासच उकळू लागतं. मग नळीत वाफ होते, आणि आपण पायानं ती वाफच दाबत बसतो.

डिस्कचं उलट असतं. ती चकती उघड्यावर फिरते, लवकर निवते, आणि तापून फुगली तरी कॅलिपरमधल्या, दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पॅडकडेच सरकते. म्हणजे तुझं म्हणणं चुकीचं नाही. इथल्याच जॅग्वारनं १९५३ साली ल माँची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेकच्या गाडीनं मारली. आपल्या आण्णांच्या १९८४ च्या अँबॅसेडरला मात्र चारही चाकांना ड्रमच.

आमच्या गल्लीत एका म्हाताऱ्याकडे १९५७ ची मॉरिस ऑक्सफर्ड आहे, सीरिज थ्री. पहिल्यांदा बघितली तेव्हा वाटलं, आण्णांची गाडी कुणी उचलून आणली की काय! आपली अँबॅसेडर तिच्यावरनंच बेतलेली. शनिवारी मी त्याच्याकडे हात काळे करायला जातो. इथे चाळीस वर्षांवरच्या, फार बदल न केलेल्या गाडीला दरवर्षीची तपासणी माफ असते, तरी हा स्वतःहून गाडी रोलरवर नेतो आणि डाव्या-उजव्या चाकाचा ब्रेक सारखा लागतो का ते बघतो. डिस्कचं नाव काढलं की म्हणतो, आधी ड्रम नीट अॅडजस्ट करायला शिका. अर्धं खरं आहे त्याचं. त्याला आंबोली उतरायची नसते.

तू लिहिलंयस, ‘तीस हजारांच्या वर जायचं नाही, डिस्क आणि कॅलिपर मारुतीचे मिळतात, बाकी जुनंच ठेवू.’ दादा, ते ‘बाकी’च महाग आहे. ड्रमचा शू चाकाच्या फिरण्यानंच ओढला जाऊन आणखी घट्ट बसतो, म्हणजे चाकच पायाला मदत करतं. डिस्कमध्ये ती फुकटची मदत नाही. नुसती डिस्क घातलीस तर पायडल दगडासारखं लागेल. तू दाबशील. आण्णा त्या गुडघ्यानं कसे दाबणार? म्हणून पायाचा जोर वाढवणारा बूस्टर हवाच.

आणि बूस्टरला व्हॅक्युम, म्हणजे हवेची ओढ, लागते. मेस्त्री म्हणाले, इंजिन जिथनं हवा ओढतं त्या इनटेकला नळी जोडतो. ते पेट्रोलच्या गाडीला ठीक. आपली डिझेल. तिथे तसा भरवशाचा व्हॅक्युम मिळत नाही. डिझेल गाड्यांच्या अल्टरनेटरमागे व्हॅक्युम पंप असतो, तसला अल्टरनेटर भंगारात बघ. बेल्टची रेघ जुळायला पाहिजे आणि पंपाला इंजिन ऑईलची नळी द्यावी लागते, हे त्यांना आधीच सांगून ठेव.

खरं तर मारुतीच्या मागे लागायच्या आधी दुसरी वाट बघ. नंतरच्या काही अँबॅसेडरना कंपनीनंच पुढे डिस्क दिले होते. अशी एखादी भंगारात निघालेली सापडली तर स्टब अॅक्सल (पुढचं चाक ज्यावर फिरतं तो), हब, डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर (पायडलनं ऑईल दाबणारा), बूस्टर सगळं एकाच गाडीचं घे. चार गाड्यांचे चार भाग जुळवत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडेल. कोल्हापूर, हुबळी दोन्हीकडे विचार. तू तसाही रोज शिनोळीची हद्द ओलांडून दोन राज्यांत ये-जा करतोस.

नाहीच मिळाली तर मारुतीचा कॅलिपर धरायला ब्रॅकेट करावं लागेल, आणि त्यासाठी आपल्या उद्यमबागेतल्या कारखान्यांइतकी चांगली जागा मला इथेही माहीत नाही. पण ‘वेल्ड मारून देतो, काय हुतंय त्याला?’ हे ऐकून घ्यायचं नाही. स्टब अॅक्सल घडीव पोलादाचा असतो. वेल्डच्या उष्णतेनं त्याचा कणखरपणा जातो, आणि तडा आत पडला तर बाहेरनं दिसत नाही. ड्रमची मागची पाटी ज्या भोकांवर बसते, त्याच भोकांवर बोल्टनं ब्रॅकेट बसव. आधी पुठ्ठ्याचं काप, मग प्लायवूडचं, ते बरोबर बसलं की मग दहा-बारा एमएमच्या प्लेटचं. बोल्ट डोक्यावर १०.९ लिहिलेलेच. लेथवाल्याकडनं डिस्क हबवर बसवून, ती वाकडी फिरते का बघायला, डायल गेज लावून घे. काटा ०.१ एमएमपेक्षा जास्त हलला तर पायडल थरथरणार.

आता जिथे सगळे फसतात ते. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक व्हॉल्व्ह असतो. पाय काढल्यावरही नळीत थोडा दाब राहावा, चाकातल्या व्हील सिलिंडरचे रबर घट्ट बसून राहावेत, म्हणून. तो दाब डिस्कला चालत नाही. पॅड डिस्कला घासत राहतात, हिंडलग्यापर्यंत जाईतो पुढची चाकं हात लावू देणार नाहीत. पण व्हॉल्व्ह नुसता काढून टाकूनही भागत नाही. आपला मास्टर सिलिंडर फळीखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीला आहे, म्हणून पुढच्या लाईनला अगदी कमी दाबाचा वेगळा व्हॉल्व्ह लागतो. मागच्या ड्रमच्या लाईनला पहिल्यासारखाच राहू दे. सिलिंडर घेताना दोन खणांचा घे. आता एक नळी फुटली तर चारही चाकं गेली. सगळ्यात जास्त पैसे मी इथे घालीन. रबरी होज सगळ्या नवीन. जुनी होज आतून सुजते, वरनं चकचकीत दिसते.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना आमची झालेली फजिती सांगतो. गेल्या वर्षी एका मित्राच्या गाडीला डिस्क बसवले. अख्खा रविवार हवा काढतोय, दोन बाटल्या ऑईल संपलं, पायडल स्पंजासारखंच. संध्याकाळी चहा देताना त्याच्या बायकोनं विचारलं, हे बारीक बोंडलं खाली का आहे? डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे. हवा वर अडकलेली आणि आम्ही खालनं काढतोय! हवा काढायचं ते बोंडलं, निपल, वरच्याच बाजूला आलं पाहिजे, एवढं बघ.

मागचे ड्रम आहेत तसेच ठेव. पण पावसात रिकाम्या रस्त्यावर, हळू वेगात, एकदा जोरात दाबून बघ. मागची चाकं आधी अडली तर गाडी शेपूट फिरवेल. मग मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावावा लागेल. ते झाल्याशिवाय आईला गाडीत बसवायचं नाही.

जुन्या लायनरची धूळ कंप्रेसरनं उडवू नको. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पूस आणि फडकं टाकून दे. काढलेला प्रत्येक भाग नाव लिहून पोत्यात भर. पासिंग कर्नाटकचं आहे, तेव्हा हा बदल चालतो का ते बेळगावच्या आरटीओत आधी विचार. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीतल्या बदलांचं) दाखवून कुणी अडवलं तर निदान जुनं परत बसवता येईल.

पैसे मी पहिल्या तारखेला पाठवतो. तीस हजारांत बसेलसं वाटत नाही. नाहीच बसलं तर यंदा मास्टर सिलिंडर, होज, ऑईल आणि नवीन लायनर एवढंच कर, डिस्क पुढच्या वर्षी. वहिनींना सांग, कुंदा पाठवू नका, मागचा कस्टममध्ये अडकला.

आणि हे कर, कारण बूस्टर केवढा घ्यायचा ते यावरच ठरेल. घरातला वजनकाटा भिंतीला उभा टेकव. समोर खुर्ची ठेव, सीटएवढ्याच उंचीची, आणि आण्णांना बसल्या बसल्या उजव्या पायानं काटा दाबायला सांग, गुडघा दुखायला लागेपर्यंत. तीनदा करायला लाव. कशासाठी ते सांगू नको, नाहीतर हट्टानं जास्त दाबतील. तिन्ही आकडे मला कळव.

तुझा,
बाळू