चिंगीबद्दल, सुजाताला

पंचवटी, नाशिक
नवरात्र, रविवार

प्रिय सुजे,

परवा फोनवर तू चिंगीचं नाव काढलंस आणि मला पुढे बोलताच येईना. 'राहू दे गं, मग बोलू' म्हणून तूच फोन ठेवलास. पण सांगायचं आहे, आणि तुलाच सांगायचं आहे, म्हणून लिहायला बसले.

श्रावणात तिचं खाणं कमी झालं. पाणी मात्र सारखं प्यायची. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडन्यांनी बाहेर टाकायचा मळ, भलतंच वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, किडन्या गेल्यात, वयच झालंय. मी विचारलं, इतके दिवस कळलं कसं नाही? त्यांनी समजावून सांगितलं की किडनीचं जवळजवळ ७५ टक्के काम थांबेपर्यंत क्रिएटिनिन वाढतच नाही. उरलेला भाग सगळा भार ओढत राहतो आणि कुत्रं वरून धडधाकट दिसतं. हे वाक्य मी रात्री-अपरात्री किती वेळा आठवलं असेल. तुझ्या माऊचंही वय झालंय, तिचं रक्त वर्षातून एकदा तपासून घे.

मग घरीच सलाईन सुरू झालं. शीर शोधावी लागत नाही, दोन खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत धरायची आणि तिच्याखाली सुई सरकवायची. पाणी आत गेलं की पाठीवर उंटासारखा उंचवटा यायचा आणि तासाभरात तो ओघळून पुढच्या पायाशी उतरायचा. ती हलायची नाही. माझ्या मांडीवर हनुवटी टेकून, डोळे वर करून बघत राहायची. त्या दिवसांत ती जितकी माझ्याजवळ होती तितकी कधीच नव्हती, असं मला अजून वाटतं.

शेवटी तिला उभंही राहता येईना, पाणीसुद्धा उलटून पडायचं. तेव्हा डॉक्टरांनी इंजेक्शनचा विषय काढला. सुजे, तो निर्णय बरोबर होता. तिला त्रास होत होता आणि तो थांबवणं आमच्याच हातात होतं. तिचं डोकं माझ्या हातात होतं आणि आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

तिला दिंडोरीकडे, मामेभावाच्या मळ्यात, द्राक्षबागेच्या बांधाला पुरलं. खड्डा चांगला खोल घ्यायला डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या औषधाचा अंश शरीरात राहतो, दुसऱ्या जनावरानं उकरून खाल्लं तर तेही दगावू शकतं. ओवीला मी 'झोपवलं' असं सांगितलं नाही. लहान मुलं मग स्वतः झोपायला घाबरतात. 'चिंगी मेली, आता ती परत येणार नाही,' असंच सांगितलं. ती खूप रडली, पण तिनं विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर देता आलं.

खरी अडचण पुढे सुरू झाली. तुला आपली पंचवटी माहीत आहे. कपालेश्वराच्या पायऱ्यांखालून रामकुंडावर आलं की रोज कुणी ना कुणी लांबून अस्थी घेऊन आलेलं असतं. डोक्यावर पदर घेतलेल्या बायका, मुंडण केलेले मुलगे, सगळं सांगणारे गुरुजी. दहा-तेरा दिवस माणसाला काय करायचं ते ठरलेलं असतं. लोक येतात, बसतात, तेच तेच पुन्हा ऐकून घेतात. मी चिंगीला घेऊन रोज पहाटे त्यांच्याच मधून चालत होते. आणि ती गेल्यावर मला दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ऑफिसला जायचं होतं. तिथे एक जण म्हणाली, 'दुसरं पिल्लू आण की.' वाईट मनानं नव्हे. पण शेजारची काकू गेली तर हीच बाई तिच्या मुलाला असं काही म्हणाली असती का? ज्या दुःखाला चारचौघांत जागा नसते त्याबद्दल केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकानं १९८९ मध्ये लिहून ठेवलंय, असं माझी भाची सांगत होती. ती मानसशास्त्र शिकते. ऐकून बरं वाटलं, पण मला वाट दाखवली ती आईनं.

मी एका संध्याकाळी तिला म्हटलं, 'कुत्र्यासाठी एवढं रडतात का गं?' आई कणीक मळत होती. म्हणाली, 'रामानं जटायूला अग्नी दिला तेव्हा तो पक्षी आहे म्हणून थांबला का? आपल्याच गोदावरीत उतरून पाणी दिलं त्याला.' टाकेदला लहानपणी आपण महाशिवरात्रीच्या यात्रेला गेलो होतो, आठवतं? जटायू पडला ती जागा म्हणून सगळे हात जोडतात. मीही जोडले होते. पण बापाचं श्राद्ध जिथे केलं त्याच नदीचं पाणी रामानं एका पाखराला दिलं, हे कधी माझ्या मनात नीट उतरलंच नव्हतं. आता रामकुंडावरून जाताना मला परकं वाटत नाही.

पितृपक्षात बाबांची तिथी आली. आईनं नेहमीसारखी खीर, वडे, भाज्या केल्या. गाईचा घास, कावळ्याचा घास निघाला. कुत्र्याचा घास इतकी वर्षं चिंगीच खायची, वडा आधी, भाजी कधीच नाही. आईनं पानावर तो वाढला आणि तिचा हात तिथेच थांबला. मग मी आणि ओवी ते पान घेऊन घाटावर गेलो. एक तांबूस, कान फाटलेला कुत्रा आला आणि त्यानं भाजीसकट सगळं चाटूनपुसून खाल्लं. घरी येऊन ओवीनं विचारलं, 'आजी, चिंगी पण पितर झाली का?' आई म्हणाली, 'घरातलं गेलं ते पितरच.' कुठल्या पोथीत हे बसतं की नाही मला ठाऊक नाही, पण त्या रात्री मी पहिल्यांदा शांत झोपले.

आई अजून रोज शेवटच्या गोळ्याची चिंगीची छोटी पोळी लाटते. आता ती पोळी घाटावर जाते. पट्टा, ताटली मी आवरून ठेवलं नाही, जेव्हा वाटेल तेव्हा ठेवीन. नवं पिल्लू आणायचं की नाही, ते एवढ्यात ठरवायचं नाही असं आम्ही तिघींनी ठरवलंय.

आता तुझ्याकडे एक मागणं आहे. माझ्या बाळंतपणात चिंगी तुझ्याकडे होती. तेव्हाची चिंगी मला माहीतच नाही. ती कुठे झोपायची, तुझ्या सासूबाईंना ती आवडायची का, माझी आठवण काढून रडली का, सगळं लिही. रडवणारं असलं तरी गाळू नकोस. जुन्या मोबाईलमध्ये फोटो असतील तर तेही शोध, आणि दिवाळीत येशील तेव्हा घेऊन ये. ओवीला दाखवायचेत.

भाऊजींना नमस्कार, माऊला गोंजार.

तुझीच,
शुभा