मात्रा छापता, मग माती पण छापा ना!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जूनच्या मध्यावर तुमच्या रविवारच्या पुरवणीत गच्चीवरच्या बागेवर एक लेख आला होता, त्यात बी उगवल्यापासून रोपाला कोणत्या आठवड्यात किती खत द्यायचं याचा रंगीत तक्ता होता. तो मी कात्रीने नीट कापून फ्रीजवर लावला. काल तो काढला आणि आज पत्र लिहायला बसलेय. रागाने नाही लिहीत, अर्धी चूक माझीपण आहे, पण तक्ता तुमचा होता आणि तो अजून कुणाकुणाच्या फ्रीजवर असेल म्हणून लिहितेय.

मी नाशिकरोडला राहते, इथल्या सरकारी छापखान्यातून रिटायर झालेय. नोकरीभर आकडे आणि मोजमाप यातच जन्म गेला त्यामुळे छापलेला तक्ता दिसला की माझा लगेच विश्वास बसतो, ही माझी खोड. तर मी २४ ग्लास घेतले, ते लग्नात ताकाला असतात तसले प्लास्टिकचे, तापवलेल्या दाभणाने खाली भोकं पाडली आणि त्यात घरचं कंपोस्ट, थोडं विकतचं गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असं कालवून भरलं. निम्म्याहून जास्त कंपोस्टच, कारण घरात दोन ड्रम भरून पडलंय आणि मला वाटलं जितकं जास्त तितकं चांगलं. १२ ग्लासात टोमॅटो, ८ मध्ये लवंगी मिरची आणि ४ मध्ये अंबाडी. टोमॅटो सहाव्या दिवशी वर आला, मिरचीने नेहमीप्रमाणे वेळ खाल्ला.

तक्त्यात लिहिलेलं, पहिल्या आठवड्यात लिटरला १ ग्रॅम, दुसऱ्यापासून २ ग्रॅम, एक दिवसाआड. कोणतं खत तर १९:१९:१९, म्हणजे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) तिन्ही सारखं असलेलं. ते मार्केट यार्डाकडच्या एका दुकानातून एक किलोचं पाकीट आणलं, दुकानदार म्हणाला टाका ताई बिनधास्त, काही होत नाही. पाकिटावर मात्रा एकराची, आणि माझी शेती ग्रिलच्या कट्ट्यावर. पण तक्ता होता ना! किचनमधल्या काट्यावर ग्रॅम ग्रॅम मोजून देत होते, चहा नंतर, आधी रोपं.

चौदाव्या दिवशी सकाळी बघते तर टोमॅटोची ती पहिली लांबट दोन पानं असतात ना, बीजपत्रं, त्यांची टोकं चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी तपकिरी. वरची खरी पानं काळपट हिरवी, जाड, आणि मुठी आवळल्यासारखी खाली वळलेली. ग्लासाच्या कडेला आतून एक पांढरी खपली, लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला मीठ धरतं तशी. मला वाटलं रोपं भुकेली आहेत, म्हणून त्या दिवशी अजून थोडं घातलं. तीन दिवसांत पाच टोमॅटो आणि सहा मिरच्या आडव्या.

माझा मोठा भाऊ निफाड तालुक्यात असतो, द्राक्षं आणि टोमॅटो. त्याला व्हिडिओ कॉल करून दाखवलं तर तो हसायलाच लागला. म्हणे, "अगं बाई, ही उपाशी नाही मेली, खाऊन खाऊन मेली. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू तू बाळालाच चारलेस." मग म्हणाला मटकीला मोड आणताना खत घालतेस का? नाही ना, फडकं आणि पाणी, बाकी सगळं दाण्यातच असतं. टोमॅटोच्या बीचंपण तेच, पहिले आठ-दहा दिवस त्याचा डबा त्याच्यासोबत असतो, बीत साठवलेलं अन्न आणि ती दोन बीजपत्रं मिळून तो डबा. खरी पानं दोन-तीन येईपर्यंत त्याला तुझ्या पाकिटाची गरज नाही, आणि ग्लासात कंपोस्ट असेल तर त्यानंतरही बरेच दिवस नाही.

मी म्हटलं पण जळली कशी, मी काय उकळतं पाणी घातलं का. त्यावर त्याने जे सांगितलं ते कोणत्याही बाईला लगेच कळेल. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात पाणी सुटतं आणि फोडी मऊ पडतात. मुळांचंपण तसंच. मातीतल्या पाण्यात क्षार जास्त झाले की मुळं पाणी ओढू शकत नाहीत, उलट त्यांच्यातलंच पाणी बाहेर पडतं. म्हणजे ग्लास ओला आणि रोप तहानलेलं. आपण बघतो पान मलूल दिसतंय, अजून खताचं पाणी घालतो, म्हणजे अजून मीठ. मी नेमकं तेच केलं.

दादाच्या सांगण्यावरून पाण्याच्या फिल्टरवाल्यांकडे असतो तसला टीडीएस मीटर मागवला, पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो, पेनासारखा असतो, महाग नाही. नळाचं पाणी १४० च्या आसपास दाखवलं. मग ग्लासात वरून साधं पाणी ओतून खालून बशीत जे गळलं ते मोजलं, २६००. मला वाटलं मीटर बिघडलाय, म्हणून परत नळाचं मोजलं, तेवढंच. आमच्या बिल्डिंगच्या बोअरचं मोजलं तर ते ७०० च्या वर, म्हणजे ज्यांच्याकडे टँकर किंवा बोअर आहे त्यांनी तर खत घालायच्या आधीच बरीच वाट चाललेली असते. एक गंमत दादाने अशी सांगितली की १९:१९:१९ मधला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो आणि युरिया या मीटरला दिसतच नाही, त्यामुळे आकडा कमी आला म्हणून लगेच खूश व्हायचं नाही.

आता माझी अर्धी चूक सांगते. माझ्या ड्रममध्ये नुसत्या साली-देठं नव्हती, उरलेली आमटी, उसळ, एकदा तर खराब झालेलं अख्खं लोणचं मी त्यात रिकामं केलं होतं. सगळं मीठ तिथेच बसलेलं. शिवाय कंपोस्ट कच्चं होतं. हात घातला तर आत कोमट, अंड्याच्या टरफलाचं सोडा पण केळीची साल पण ओळखू येत होती. कच्च्या खतात सुकी पानं, भुसा असला की ते कुजवणारे जिवाणू आधी स्वतःसाठी नत्र उचलतात आणि रोपाला मिळतच नाही, म्हणजे पंगतीत वाढपीच आधी जेवायला बसल्यासारखं. पक्कं झालेलं खत थंड असतं, आणि पहिला पाऊस पडल्यावर मातीला येतो तसा वास येतो. दादाने एक सोपी परीक्षा सांगितली, नुसत्या कंपोस्टमध्ये मेथीचे दहा दाणे टाक, आठ-नऊ नीट उगवले तर खत चांगलं. माझ्याकडे तीन उगवले आणि त्यातला एक वाकडा.

शेणखताच्या शंभर किलोत नत्र असतो जेमतेम अर्धा किलो, आणि या १९:१९:१९ च्या शंभर किलोत १९ किलो नत्र, १९ स्फुरद, १९ पालाश. इतका फरक असताना दोन्हीची मोजणी एकाच चमच्याने कशी होईल? तुमच्या तक्त्यात ग्लासात काय भरलंय याचा एक शब्द नाही. नुसतं कोकोपीट असेल तर त्यात रोपाला खायला जवळपास काहीच नाही, तिथे पाण्यातून खत द्यावंच लागतं, आमच्याकडचे नर्सरीवाले ९८ खणांच्या ट्रेमध्ये कोकोपीट भरून देतातच की आणि तीन-साडेतीन आठवड्यांत टोमॅटोची रोपं विकायला काढतात. पण कंपोस्टमध्ये तोच तक्ता वापरला की माझ्यासारखं होतं.

आणि आता जे सांगणार आहे ते वाचून तुमच्या ऑफिसात पण हसतील. माझा भाचा, दादाचा मुलगा, पुण्याला शिकतो, तो सुट्टीला आलेला. त्याने फ्रीजवरचा तक्ता बघितला आणि म्हणाला, "आत्या, हा तक्ता टोमॅटोचा नाहीये." मग कशाचा? तर म्हणे, "गांजाचा." मी हातातलं उलथनंच खाली ठेवलं. त्याने दाखवलं, हे बघ इथे लिहिलंय, रोज १८ तास प्रकाश. खरंच की, मी ते वाचलं होतं आणि मनात म्हटलंपण होतं की आषाढात नाशिकला १८ तास उजेड कुठून आणायचा, पण असेल काहीतरी म्हणून सोडून दिलं. १८ तास दिवे आणि मग फुलं यायला १२ तास, ही पद्धत त्याच पिकाची, परदेशात बंद खोलीत दिव्यांखाली करतात, कॅनडात तर २०१८ पासून ते कायदेशीरच आहे. तिथे बरेच लोक कोकोपीट किंवा दगडी लोकरीसारख्या (दगड वितळवून केलेले तंतू) माध्यमात लावतात ज्यात खाऊ काहीच नसतो, म्हणून रोजचा तक्ता लागतो. भाचा म्हणाला तिथलीही जी मंडळी कंपोस्टमध्ये लावतात ती पहिले दोन-तीन आठवडे नुसतं पाणीच देतात, म्हणजे त्यांनीपण हा तक्ता वापरला नसता! आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने परवान्याशिवाय एक झाड लावलं तरी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. पण कुणीतरी तो तक्ता उचलला, वरचं नाव काढलं, टोमॅटोचं चित्र चिकटवलं आणि तो तुमच्यापर्यंत आला असणार. १८ तास मात्र काढायचे राहिले.

त्यात माझी अंबाडी! ती चार रोपं खताच्या माऱ्यातूनही वाचली, अंबाडी चिवटच. तिची सुरुवातीची पानं साधी गोलसर असतात, मग पाच बोटांसारखी फाकतात, आणि ती अगदी गांजाच्या पानासारखी दिसतात. शास्त्रीय नावच मुळी हिबिस्कस कॅनाबिनस, पान सारखं दिसतं म्हणूनच. भाच्याने हे मुद्दाम वॉचमनसमोर मोठ्याने सांगितलं, झालं, दोन दिवस सगळी बिल्डिंग माझ्या बाल्कनीकडे मान वर करून बघत होती. शेवटी मी एक पान तोडून सेक्रेटरींच्या हातात दिलं आणि म्हटलं चावून बघा. आंबट लागल्यावर त्यांचा चेहरा निवळला.

बाकी रोपांचं काय केलं ते सांगते, कुणाला उपयोग होईल. ग्लासात जेवढी माती तेवढ्याच्या तिप्पट साधं नळाचं पाणी हळूहळू ओतून निथळू दिलं, बशीत साचलेलं लगेच फेकलं, नाहीतर ते परत वर ओढलं जातं. बशीतला आकडा ९०० पर्यंत उतरल्यावर थांबले. मग चार दिवस काहीच नाही, वरचं बोटभर सुकेपर्यंत पाणी पण नाही, कारण पावसाळ्यात सतत ओलं ठेवलं की रोपं बुडातून बारीक होऊन कोलमडतात, मर लागते. नंतर एक मिरची आणखी गेली, सात टोमॅटो आणि एक मिरची टिकली. जळलेली टोकं परत हिरवी होत नाहीत, ते बघत बसू नका, नवीन पान कसं येतंय ते बघा.

नवीन भरणीला आता कोकोपीट दोन भाग आणि चाळलेलं, पक्कं झालेलं खत एक भाग, बस. पाकिटातलं खत कधी, तर खरी पानं तीन-चार झाली आणि खालची पानं पिवळट पडायला लागली तरच, आणि ते पण १० लिटरच्या बादलीला एक सपाट चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम, आठवड्यातून एकदा. खालची पानं फिकट म्हणजे नत्र कमी, कारण रोप जुन्या पानातला नत्र काढून नव्याला देतं. वरची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ते वेगळं, तिथे लोह मिळत नाहीये, बोअरच्या जड पाण्याने होतं, नत्र ओतून उपयोग नाही. मागच्या जानेवारीत माझ्या रोपांची पानं खालून जांभळी झाली होती, तेव्हाही मी खत शोधत होते, आणि दादा म्हणाला निफाडचा पारा एक आकडी झालाय, थंडीत मुळं स्फुरद उचलत नाहीत, मातीत असलं तरी, रोपं आत घे. घेतली, ऊन वाढल्यावर आपोआप सुधारली.

साहेब, माझं एवढंच म्हणणं आहे की मात्रा छापताना शेजारी माती पण छापा. कशात लावलंय, रोप किती पानांचं आहे, पाणी कुठलं आहे, या तीन ओळींना जागा नसेल तर टोमॅटोचं चित्र लहान करा. आणि छापायच्या आधी कुणाला तरी दाखवा, मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र इथेच नाशकात आहे, फोन लावायचा अवकाश. गिरणारे नाहीतर पिंपळगावच्या कुठल्याही टोमॅटोवाल्याला विचारलं असतं तरी त्याने १८ तास वाचून तुम्हाला तिथल्या तिथे सांगितलं असतं. दुरुस्ती छापणार असाल तर आतल्या पानावर चार ओळीत नको, त्याच पुरवणीत, त्याच जागी, तेवढाच मोठा तक्ता करून छापा, मी फ्रीजवर जागा रिकामी ठेवलीय.

आपली एक जुनी वाचक,
जेल रोड, नाशिकरोड

ता.क. अंबाडीची पहिली तोड निघाली. चार रोपांची भाजी ती किती होणार, पण ज्वारीच्या कण्या घालून, वर लसणाची फोडणी देऊन वाटीभर सेक्रेटरींकडे पाठवलीय.