रात्री जागून स्लाइड करू नकोस

दांडिया बाजार, बडोदे

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तुला ताप येऊन गेल्याचं सुधामावशीकडून कळलं. रागावलेले नाही. पण वर्गात शिकवायच्या पेशीच्या धड्याच्या स्लाइड तू रात्री पावणेदोनला पाठवल्यास, तेव्हाच पोटात गोळा आला होता. टायफॉइडला अजून वर्ष नाही झालं रे. असो. तब्येतीचं काही लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे.

स्लाइड सुंदर झाल्यात. मायटोकॉन्ड्रियाचं चित्र तुझ्या हातचं, लगेच ओळखलं. आतल्या घड्या तू प्रयोगवहीतही अशाच काढायचास. बाबांनी ते खाली देसाईकाकांनाही दाखवून आणलं.

पण मथळा दर स्लाइडवर वेगळ्या मापाचा, शाळेचं नाव कुठे वर, कुठे खाली. म्हणजे तू एकेक स्लाइड हाताने लावत बसतोस, आणि म्हणून दोन वाजतात. पॉवरपॉइंटच्या 'व्ह्यू'मध्ये 'स्लाइड मास्टर' उघड. डावीकडे सगळ्यात वर जी मोठी स्लाइड दिसते, तिच्यावर फॉन्ट, मथळ्याची जागा, शाळेचं नाव एकदाच ठरव. खालचे लेआउट, म्हणजे स्लाइडचे तयार साचे, तेच घेतात. तुला आकृती, प्रयोग, प्रश्न आणि गृहपाठ एवढे लेआउट पुरे, बाकीचे काढून टाक. मग फाइल टेम्प्लेट म्हणून सेव्ह कर. पुढच्या धड्याला फक्त मजकूर आणि चित्रं भरायची, की दहाला दिवा बंद. दहाला, ओंकार.

वर्गाला पडदे नाहीत म्हणालास ना? मग ती गडद निळी पार्श्वभूमी बदल. प्रोजेक्टर प्रकाशच टाकतो, काळोख टाकू शकत नाही. उन्हाच्या खोलीत गडद रंग राखाडी होतात आणि मागच्या बाकावरच्या पोराला काही दिसत नाही. पांढऱ्यावर काळी अक्षरं ठेव, 28 च्या खाली नको. शाळेच्या कॉम्प्युटरवर गुजराती अक्षरं मोडत असतील तर 'निर्मला युआय' वापर, तो विंडोजबरोबरच येतो. दुसराच फॉन्ट हवा असेल, तर 'ऑप्शन्स'मधल्या 'सेव्ह'मध्ये फॉन्ट फाइलीतच जोडून ठेवायची सोय आहे.

पेशीच्या सगळ्या भागांची नावं एकदम दाखवू नकोस. प्रत्येक नावाला अ‍ॅनिमेशन दे आणि 'ट्रिगर' म्हणून तो भाग निवड. भागावर क्लिक केलं तरच नाव उमटेल. आधी पोरांना विचार, मग क्लिक कर. आणि स्वतः बोलायचं असेल तेव्हा 'बी' दाब. पडदा काळा होतो, पुन्हा दाबलं की चित्र परत.

यावरून नानांचे वडील आठवले. सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि पुढे ग्रंथालय खातं खेड्यांत मॅजिक लँटर्न दाखवू लागलं. नानांचे वडील त्या कामावर होते. काचेवरची चित्रं, भिंतीवर धोतर ताणून केलेला पडदा. नाना सांगायचे, चित्र दाखवून झालं की ते लँटर्नच्या तोंडावर कापड टाकायचे आणि मग बोलायचे, कारण चित्र समोर असताना कुणी ऐकत नाही. तेही फिरतीवर आजारी पडायचे, घरी कळवायचे नाहीत. नानांच्या आजीने त्या काळजीत काय काढलं ते तिलाच ठाऊक.

बघ, शिकवायलाच लागले. राग मानू नकोस. तू वर्गात उभा राहतोस हे मनात आलं की ऊर भरून येतो, आणि लगेच वाटतं, सकाळी उपाशीपोटी गेला असेल. मेसचं जेवण तिखट असेल तर दहीभात सांग. पाणी उकळूनच पी.

टेम्प्लेट जमला नाही तर शनिवारी फोन कर, दोघं मिळून बसू, पण संध्याकाळी, रात्री नाही. लीलो चेवडा पाठवते आहे, पूर्ण बरा होईपर्यंत डबा उघडू नकोस. रक्ताचा रिपोर्ट आला की आधी मला फोटो पाठव, मावशीला नंतर.

तुझी
आई