'आहार : मिश्र' एवढ्यावर भागत नाही

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

मी सरकारी रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. डॉक्टर होणाऱ्या मुलांना रुग्णाचा आहार नीट विचारायला आणि सांगायला शिकवावं, यासाठी हे पत्र. ओपीडीतून माझ्याकडे येणाऱ्या केसपेपरवर बहुतेक वेळा दोनच शब्द असतात : 'डायबेटिक डाएट'. तोंडी सांगितलेलं असतं, "गोड बंद, भात बंद." दोन्ही वेळा भातच जेवणारे आजोबा मग मला विचारतात, "आता खाऊ तरी काय?"

गरोदर बायकांचं आणखी वेगळं. महिनोन्महिने लोहाच्या गोळ्या चालू, हिमोग्लोबिन आहे तिथेच. विचारावं तर ती गोळी सकाळच्या चहाबरोबर घेते, आणि लक्षात राहावं म्हणून कॅल्शियमचीही तेव्हाच. चहा आणि कॅल्शियम या दोन्हींमुळे लोह नीट शोषलं जात नाही, हे कोणत्याही इंटर्नला विचारा, घडाघडा सांगेल. फक्त "गोळी कशाबरोबर घेता?" हे तिला कुणी विचारलेलं नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत आणि पाच वर्षांखालची सुमारे 35 टक्के मुलं खुजी. म्हणजे हा प्रश्न रोज प्रत्येक ओपीडीत येऊन बसतो.

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात पोषण नाही असं मी म्हणणार नाही. बायोकेमिस्ट्रीत जीवनसत्त्वं आहेत, पीएसएममध्ये, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्रात, कुटुंबाच्या आहाराचं गणितही विद्यार्थी करतात. पेलाग्रा हा जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार सगळ्यांना पाठ! पण मेडिसिनच्या वॉर्डात पाऊल ठेवलं की हे सगळं मागे पडतं. शेवटच्या वर्षाच्या लाँग केसमध्ये, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेत एक रुग्ण सविस्तर तपासून मांडताना, 'आहार : मिश्र, भूक : चांगली, झोप : चांगली' असं एका ओळीत उरकतात, आणि परीक्षक पुढे सरकतात. मुलांना मी दोष देत नाही. ज्याला मार्क नाहीत ते कोण शिकतं?

अभ्यासक्रम राष्ट्रीय वैद्यकीय आयोग ठरवतो, असं उत्तर येईल. खरं आहे. पण परीक्षा नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं. लाँग केसमध्ये रुग्णानं काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय खाल्लं, किती खाल्लं, घरी कोण रांधतं, रेशनवर काय मिळतं, हे विचारून लिहायला लावावं आणि त्याला मार्क ठेवावेत, यासाठी आपण विद्यापीठाकडे आग्रह धरा. त्यावरून रुग्णाच्या ऐपतीत बसेल असा एक दिवसाचा आहार विद्यार्थ्यानं तोंडी सांगावा. ओट्स आणि ब्रोकोली सांगणाऱ्याचे मार्क कापले तरी माझी हरकत नाही.

दुसरं, प्राथमिक आरोग्य केंद्रात जाणाऱ्या इंटर्नला काही दिवस अंगणवाडीत आणि पोषण पुनर्वसन केंद्रात बसवा. मुलाच्या दंडाला पट्टी लावून 11.5 सेंटिमीटरच्या खालचा आकडा एकदा स्वतः वाचला, की तीव्र कुपोषणाची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

आणि वैद्यकीय महाविद्यालयांत आहारतज्ज्ञांची जी पदं रिकामी असतील ती भरा. त्यांना स्वयंपाकघराच्या हिशेबातून थोडं मोकळं करून वॉर्डातल्या राउंडला प्राध्यापकांबरोबर उभं करा.

आपली,
एक आहारतज्ज्ञ