संक्रांतीच्या वाणाला उरलेली लोकर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हळदीकुंकवाचे दिवस जवळ आले की नागपुरात बर्डीवर आणि इतवारीत वाणाच्या वस्तूंची खरेदी सुरू होते. डब्या, गाळण्या, चमचे, पाकिटे. यातले बरेचसे वापरात न येता पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या तरी वाणात जाते. त्याच घरांतल्या कपाटांत उरलेल्या लोकरीची पिशवीही असते. कुठे अर्धी गुंडी, कुठे पाव, कुठे बाळाच्या झबल्यातून उरलेला गुलाबी रंग. यंदाचे वाण या लोकरीतून विणावे, अशी आम्हा विणकाम करणाऱ्या वाचकांची विनंती आहे. काम कसे करावे तेही सविस्तर लिहितो आहोत, कारण उरलेल्या लोकरीत फसगत होण्याच्या जागा नव्या लोकरीपेक्षा जास्त असतात.

आधी थंडीबद्दल. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, पण तशी रात्र क्वचित येते. एरवी इथली थंडी पहाटेची आणि रात्रीची. दुपारी ऊन चटकते आणि जाड स्वेटर डिक्कीत जातो. त्यामुळे नागपूरकराला उपयोगी पडते ती खिशात मावणारी, चटकन काढता-घालता येणारी लहान वस्तू. मनगट, मान आणि कान एवढे झाकले तरी सकाळ निभावते. या तिन्ही वस्तूंना लोकर थोडीच लागते.

पिशवी उघडल्यावर रंग जुळवत बसू नका, आधी जात ओळखा. आपल्याकडे ‘लोकर’ म्हणून विकली जाणारी बरीचशी ॲक्रिलिक असते, थोडी खरी, थोडी मिश्र. बोटभर धागा चिमट्यात धरून, खाली पाण्याची ताटली ठेवून जाळून पाहावा. खऱ्या लोकरीला केस जळाल्याचा वास येतो, ज्योत दूर नेली की ती सहसा आपोआप विझते आणि राख बोटांनी चुरडली जाते. ॲक्रिलिक वितळत जळत राहते आणि थंड झाल्यावर कडक काळा मणी उरतो. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात. हे पाहणे आवश्यक आहे, कारण खरी लोकर गरम पाण्यात किंवा चोळून धुतल्यावर आटते, ॲक्रिलिक आटत नाही. दोन्हींचे पट्टे एका वस्तूत घातले तर पहिल्या धुण्यात ती चुण्या पडून वाकडी होते आणि मग दुरुस्त होत नाही.

दुसरी तपासणी जाडीची. पट्टीवर धागा न ताणता, वेढ्याला वेढा लावून गुंडाळावा आणि अडीच सेंटिमीटरमध्ये किती वेढे बसतात ते मोजावे. बारा ते चौदा बसले तर ती मध्यम लोकर, ८ ते १० नंबरच्या सुयांची. अठरा-वीस बसले तर बारीक. तिचे दोन धागे एकत्र घेऊन मध्यमच्या जोडीला चालवता येतात. आपल्याकडच्या सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे नवशिक्यांना सांगावे लागते: १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे चार. खरी लोकर असेल तर गुंडी उलगडून पुन्हा गुंडाळताना प्रत्येक हातभर धागा हलका ओढून पाहावा. कसर लागलेला धागा तिथेच तुटतो. विणल्यानंतर तुटला तर भोक पडते.

मग वजन. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा यासाठी पुरेसा आहे. मध्यम लोकरीत मनगटीच्या जोडीला २० ते २५ ग्रॅम, अंगठ्याच्या जोडीला (म्हणजे अंगठ्याला फट ठेवलेल्या, बोटे उघडी ठेवणाऱ्या लांब मनगट्यांना) ४० ते ४५, कानपट्टीला २० ते २५ आणि गळपट्टीला ६५ ते ७० ग्रॅम लागतात. जोडीची वस्तू असेल तर सुरुवातीलाच लोकर तोलून तिच्या दोन सारख्या गुंड्या कराव्यात. एक मनगटी पूर्ण झाली आणि दुसरी निम्म्यावर अडली, ही उरलेल्या लोकरीतली सर्वांत नेहमीची अडचण. दोन गुंड्या केल्या की ती येतच नाही.

वाणासाठी आमची पहिली पसंती मनगटीला आहे. मनगटापाशी रक्तवाहिन्या कातडीच्या जवळ असतात आणि दुचाकीवर बाही व हातमोजा यांच्या फटीतून वारा नेमका तिथेच शिरतो. मनगट्यांच्या वीस जोड्यांना जेमतेम अर्धा किलो लोकर पुरते, आणि हात बसलेल्या बाईची एक जोडी दोन-तीन संध्याकाळी होते.

कृती अशी. मध्यम लोकर, १० नंबरच्या दोन साध्या सुया. टाके मात्र ८ नंबरच्या सुईवर घालावेत, म्हणजे कड ताठ होत नाही. बायकांसाठी ४२ टाके, पुरुषांसाठी ४६. पहिली ओळ: २ सुलट, मग २ उलट २ सुलट असे शेवटपर्यंत, शेवट २ सुलटनेच होतो. दुसरी ओळ: २ उलट, मग २ सुलट २ उलट असे शेवटपर्यंत. पुढे मोजत बसण्याची गरज नाही, समोर गुळगुळीत टाका दिसला तर सुलट आणि गाठीसारखा दिसला तर उलट. १० सेंटिमीटर झाले की ८ नंबरच्या सुईने, सुलटवर सुलट आणि उलटवर उलट विणत, सैल हाताने टाके बंद करावेत. दोन्ही कडांचा एकेक टाका शिवणीत घेतला की कडेचे सुलट टाके जुळून ओळ अखंड दिसते. टाके ४२ किंवा ४६ ठेवण्याचे कारण हेच. ४० घेतले तर शिवणीपाशी नक्षी मोडते.

चुकते कुठे? ४२ चे ४४ होतात. सुलटवरून उलटवर जाताना धागा दोन सुयांच्या मधून पुढे आणावा लागतो, आणि परत जाताना मागे न्यावा लागतो. तो सुईवरून गेला की एक जादा टाका तयार होतो. दर चार ओळींनी टाके मोजले तर फार उसवावे लागत नाही. दुसरी चूक घट्ट बंद केलेल्या टाक्यांची. हात आतच जात नाही. मनगटी जरा जास्तच अरुंद दिसते म्हणून टाके वाढवण्याचाही मोह होतो. तो टाळावा. ही वीण ताणूनच बसायची असते.

रंगीत पट्टे घालायचे असतील तर नवा रंग सुलट बाजूनेच सुरू करावा आणि त्या रंगाची पहिली ओळ पूर्ण सुलट विणावी, दुसऱ्या ओळीपासून पुन्हा २ सुलट २ उलट. असे केले नाही तर उलट टाक्यांत जुन्या रंगाचे ठिपके वर येतात आणि पट्टा मळकट दिसतो. नवा धागा नेहमी कडेला जोडावा, मध्ये गाठ मारू नये. पंधरा सेंटिमीटरची शेपटी सोडावी आणि बोथट सुईने शिवणीत ओवावी. ॲक्रिलिक निसरडे असते, म्हणून शेपटी एकदा पुढे, एकदा मागे, पुन्हा पुढे अशी ओवल्याशिवाय कापू नये. खऱ्या लोकरीची दोन टोके उकलून, एकमेकांवर ठेवून, ओल्या तळहातांत जोरात चोळली की ती एकजीव होतात. ॲक्रिलिकचे किंवा मशीनमध्ये धुता येणाऱ्या लोकरीचे तसे होत नाही.

अंगठ्याची जोडी म्हणजे हीच वीण १८ सेंटिमीटर लांब. शिवताना खालून १० सेंटिमीटर शिवावे, ५ सेंटिमीटर अंगठ्याला मोकळे सोडावे, वरचे ३ सेंटिमीटर पुन्हा शिवावे. फटीच्या दोन्ही टोकांना दोन-दोन जादा टाके मारावेत, तिथेच आधी फाटते.

गळपट्टी सर्वांत सोपी. ८ नंबरच्या सुयांवर ५० टाके, सगळ्या ओळी सुलट, ५५ सेंटिमीटर झाले की बंद करून दोन्ही टोके जोडायची. लांबी याहून वाढवू नये. सगळी सुलट वीण वापरताना लांबीत ताणली जाते आणि गळपट्टी लोंबायला लागते. दोन-दोन ओळींचे पट्टे इथे खुलतात आणि पाच-पाच ग्रॅमचे तुकडेही कामी येतात. दुचाकी चालवणाऱ्यांना मफलरऐवजी गळपट्टीच द्यावी, असे आमचे ठाम मत आहे. मफलरची सुटी टोके ओढणीसारखीच चाकात किंवा साखळीत अडकू शकतात. हेल्मेटखाली जाड टोपीही नको. तिच्यामुळे हेल्मेट वर उचलले जाते, पट्टा नीट बसत नाही आणि डोक्यावरची पकड सैल होते. पूर्ण हेल्मेटच्या आतील गादी कान झाकतेच. उघडी राहते ती मान.

कानपट्टी पायी चालणाऱ्यांसाठी: अंबाझरीला फिरायला जाणारे, पहाटे भाजी घेऊन येणाऱ्या बाया. २० टाके, सगळे सुलट, ४८ सेंटिमीटर, टोके जोडावीत. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता दुसऱ्या सुईवर सरकवला तर कडा साफ येतात.

रात्रपाळीच्या चौकीदारांना देताना मात्र खरी लोकरच निवडावी. ते शेकोटीजवळ बसतात. ठिणगी पडली तर ॲक्रिलिक वितळून कातडीला चिकटते. खरी लोकर फार तर करपते. पिशवीत खरी लोकर थोडीच असेल तर ती त्यांच्यासाठी राखून ठेवावी आणि वाण ॲक्रिलिकचे करावे.

आता तान्ह्या बाळांबद्दल, आणि इथे आम्हाला जरा कळकळीने सांगायचे आहे. डांबराच्या गोळ्यांसोबत ठेवलेली लोकर बाळासाठी वापरू नका. या गोळ्यांत बहुधा नॅफ्थलीन असते. जी-६-पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये त्याच्या संपर्काने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ धोकादायक पातळीला जाऊ शकते. बाळाला ही कमतरता आहे की नाही हे घरच्यांना बहुतेक वेळा माहीत नसते. अशी लोकर मोठ्यांच्या वस्तूंना वापरावी, तीही धुऊन, उन्हात वास जाईपर्यंत वाळवून. बाळाच्या टोपीला गोंडा, मणी, बटण, नाडी काही लावू नये. मोज्यांच्या आत सुटे धागे राहता कामा नयेत. ते बोटाभोवती आवळले जातात आणि बाळ का रडते ते कळत नाही. घरात झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर लोकरीची टोपी ठेवू नये. शासकीय रुग्णालयांतल्या प्रसूती कक्षांना द्यायचे असेल तर आधी परिचारिकांना विचारून, त्या सांगतील तेच न्यावे.

लोकर कमी पडली तर जुना स्वेटर उसवता येतो, पण आधी शिवण उलटी करून पाहावी. हाताने विणलेला, किंवा साखळी टाक्याने जोडलेला असेल तर सलग धागा निघतो. कड कापून इंटरलॉक केलेली असेल तर दर ओळीचा वेगळा तुकडा हाती येतो. तो स्वेटर तसाच कुणाला तरी घालायला द्यावा. उसवलेला धागा कुरळा असतो. खुर्चीच्या पाठीवर त्याची लडी करून चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावी, न पिळता दाबून पाणी काढावे आणि सावलीत टांगावी. कुरळेपणा न काढता विणले तर टाके वेडेवाकडे येतात आणि लोकर किती लागेल याचा अंदाजही चुकतो. लाल, मरून आणि काळ्या रंगांचा धागा पांढऱ्या ओल्या कापडावर दाबून रंग सुटतो का तेही याच वेळी पाहावे. संक्रांत म्हणून काळी लोकर अनेकींना हवी असते. ती दिवसाच्या उजेडातच विणावी, दिव्याखाली काळे टाके दिसत नाहीत आणि सुटलेला टाका चार ओळी खाली गेल्यावर कळतो.

वस्तूसोबत एक चिठ्ठी द्यावी: लोकर कोणती, गार पाण्यात धुणे, न पिळणे, सपाट पसरून वाळवणे. ॲक्रिलिकला इस्त्री नको, हेही लिहावे. गरम इस्त्री फिरली की वीण चपटी आणि ढिली पडते व मनगटी पुन्हा कधी आवळून बसत नाही.

मकरसंक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत वाण देता येते, त्यामुळे डिसेंबरात सुरुवात केली तरी वेळ पुरेसा आहे. यातल्या काही जोड्या पहाटे घरोघरी वर्तमानपत्र टाकणाऱ्यांसाठी बाजूला काढाव्यात आणि आपल्या दैनिकाने त्या वितरण केंद्रांवर पोहोचवण्याची सोय करावी, अशी विनंती आहे. त्यांच्यासाठी अंगठ्याची जोडी ४६ टाक्यांची करावी. बोटांची टोके उघडी राहिली की पुरवण्या घालता येतात, घड्या करता येतात. रंग गडद घ्यावेत, छपाईची शाई लागते.

आपल्या,
विणकाम करणाऱ्या काही वाचक,
नागपूर