विदर्भाचं सिक्कीम करायचंय तर सिक्कीमचा हिशेब पूर्ण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत सिक्कीमवर पानभर लेख आला होता, हिरवे डोंगर, रंगीत पताका, देशातलं पहिलं जैविक राज्य, दरडोई उत्पन्नात सगळ्यात वरच्यांत, आणि शेवटी नेहमीचा सल्ला की विदर्भातल्या शेतकऱ्यानं पण हे शिकावं. फोटो तर झकास होते. पण लेख अर्धाच वाटला म्हणून लिहून राहिलो. मी इतवारीत मसाल्याचा ठोक धंदा करतो, बडी इलायचीचा (मोठी काळी वेलची) माल आमच्याकडे सिलिगुडीवरून येतो, त्या निमित्तानं सिक्कीममधल्या रंगपो-सिंगतामकडे जाणं होतं, तिथले आढतिये आणि काही शेतकरी ओळखीचे आहेत, त्यामुळं पर्यटकाला दिसतं त्याच्यापेक्षा थोडं वेगळं सिक्कीम बघायला मिळालं.

आधी आकार बघा. अख्खं राज्य ७,०९६ चौरस किलोमीटर, आपला एकटा नागपूर जिल्हा ९,८९२. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ६ लाख १० हजार, त्याच जनगणनेत नागपूर शहरच २४ लाखांचं होतं. म्हणजे जिल्ह्यापेक्षा लहान जागा आणि आपल्या शहराच्या पाव हिश्श्याएवढी माणसं. पण उभं राज्य आहे ते, आडवं नाही. रंगपोला उतरलं की उंची साधारण आपल्याएवढीच, तीनशे मीटरच्या आसपास, उन्हाळ्यात घाम पण तसाच येतो, आणि तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत ८,५८६ मीटरचं कांचनजंगा. या मधल्या पट्ट्यात खाली संत्रा (हो, त्यांचा पण संत्रा आहे, बारका आणि चवीला चांगला, पण रोगानं बागा खूप गेल्या, ते दुखणं काटोल-वरुडवाल्यांना सांगायला नको), मग इलायची, मका, अद्रक, अजून वर बटाटा-मटार, आणि एकदम उत्तरेला लाचेनच्या वर याक घेऊन फिरणारे लोक. गंगटोकला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, म्हणजे आपल्या तिप्पट. आता अशा जागेची शेतीची पद्धत उचलून काळ्या कापसाच्या जमिनीत लावा म्हणणं सोपं आहे हो, लेख लिहिणाऱ्याला काय जातं.

इलायचीचं सांगतो, कारण ते मला माहीत आहे आणि तुमच्या लेखात तिच्यावर एकच ओळ होती. भारतात बडी इलायची सगळ्यात जास्त सिक्कीममध्ये होते. झाड सावलीत वाढतं, आणि ती सावली बहुतेक ठिकाणी उत्तिस नावाच्या झाडाची असते. हे उत्तिस मोठं कामाचं झाड आहे, त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत धरून ठेवतात, पाला पडतो त्याचं खत होतं, उतारावरची माती धरून राहते, आणि जुनं झालं की लाकूड इलायची वाळवायच्या भट्टीला. म्हणजे इलायचीला युरियाची गरज कधी नव्हतीच, सरकारनं जैविक जाहीर करायच्या कितीतरी आधीपासून ती जैविकच होती. भट्टी शेतातच किंवा घराला लागून, दगड-मातीच्या भिंती, वर बांबूची ताटी, तिच्यावर ताजी बोंडं पसरायची, ती तेव्हा लालसर जांभळी असतात, आणि खालून लाकडाचा धूर द्यायचा, दीड-दोन दिवस वरखाली करत राहायचं, मग ती काळपट तपकिरी होतात आणि तो धुराचा वास धरतात. मसाला बोर्डानं सुधारित भट्ट्या आणल्या, त्यात लाकूड कमी लागतं, रंग सुंदर मरून राहतो, पण धुराचा वास कमी. एक्स्पोर्टवाल्याला तो रंग आवडत असेल, माझ्याकडे येणारा सावजी मसालेवाला मात्र बोंड फोडून आधी नाकाला लावतो आणि धूर नसेल तर गोणी बाजूला सारतो. मग वाळलेल्या बोंडाची शेपटी कात्रीनं कापायची, त्याला कैंचीकट म्हणतात, आणि चाळून बडादाना, छोटादाना वेगळं करायचं. भाव ठरतो तो या तीन गोष्टींवर, वास, दाणा, कैंची. जैविक सर्टिफिकेट आहे म्हणून इतवारीत मला आजवर कोणी किलोमागे एक रुपया वाढवून दिलेला नाही. आणि नेपाळचा माल पण सिलिगुडीतच येतो, नेपाळ तर या इलायचीत जगात एक नंबर, दोन्ही माल एका गोदामात शेजारी पडले की कुठली गोणी कुठल्या डोंगरावरची हे सांगणं मुश्कील आणि भाव वरखाली झाला की सिक्कीमवाल्याला पण तोच फटका. वरून रोग, छिर्के आणि फुर्के म्हणतात ते लोक, व्हायरस आहे, पूर्ण बाग बसवून टाकतो, आणि औषध मारायची सोय नाही, रोगट झाड उपटून नवीन लावायचं आणि तीन वर्षं थांबायचं एवढाच उपाय.

आता जैविक राज्याचं. २००३ साली पवन चामलिंग मुख्यमंत्री असताना विधानसभेत ठरलं, खताची सबसिडी टप्प्याटप्प्यानं काढली, २०१० ला मिशन काढलं, २०१४ ला कायदा करून रासायनिक खत-औषध विकणं-वापरणं गुन्हा केला आणि २०१६ च्या जानेवारीत पंतप्रधानांनी गंगटोकला जाऊन पूर्ण जैविक राज्य म्हणून जाहीर केलं. तेरा वर्षं एकच धोरण धरून ठेवलं याला मात्र मानलं पाहिजे, आपल्याकडे तेरा महिने कोणती योजना त्याच नावानं चालली ते सांगा. पण क्षेत्र किती, तर ७५ हजार हेक्टरच्या आसपास. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच याच्या कितीतरी पट आहे. आणि त्यांचा खताचा वापर सुरुवातीलाच देशात अगदी खालच्या पायरीवर होता, सोडायला फारसं काही हातात नव्हतंच. सर्टिफिकेटचा खर्च सरकारनं उचलला, वर केंद्राचा पैसा. एवढं करून तांदूळ बाहेरून येतो, भाजीसुद्धा बरीचशी सिलिगुडीकडून, २०१८ ला बाहेरच्या बिगर-जैविक भाज्यांवर बंदी घातली तर गंगटोकच्या बाजारात भाव भडकले आणि लोक ओरडले.

मी काही रासायनिकाचा वकील नाही. २०१७ ला यवतमाळमध्ये फवारणी करता करता वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं, त्यानंतर औषधवाल्यांची बाजू घ्यायला जीभ रेटत नाही. पण कपाशीवाल्याला उद्यापासून सगळं बंद कर म्हणायचं असेल तर मधली तीन वर्षं उत्पन्न घटेल त्याचं कोण भरून देईल, हे त्याच लेखात यायला पाहिजे. सिक्कीममध्ये ते कोणी भरलं? इथं माझा मुख्य मुद्दा येतो.

दरडोई उत्पन्न पाच लाखांच्या वर, महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट, असं तुम्ही छापलं आणि लगेच खाली भाजीवाल्या बाईचा फोटो. वाचणाऱ्याला वाटणार जैविक भाजी विकून श्रीमंत झाले. घरातल्या गोळ्यांच्या चार-पाच स्ट्रिप पालथ्या करून बारीक अक्षरं वाचा, एखादीवर तरी सिक्कीम सापडेलच. २००७ च्या ईशान्येच्या औद्योगिक धोरणात टॅक्सची सूट मिळाली आणि देशातल्या मोठमोठ्या औषध कंपन्यांनी रंगपो, सिंगतामच्या पट्ट्यात कारखाने टाकले. गोळी वजनाला हलकी आणि किमतीला भारी, घाटातून ट्रकनं आणायला परवडते, इलायचीचं पण तेच गणित आहे म्हणा. त्या कारखान्यांचं उत्पादन राज्याच्या खात्यात धरलं जातं, भागायला माणसं सहा-सात लाख, झालं, आकडा आभाळाला. कंपनीचा नफा कुठल्या शहरात जातो ते वेगळं. लोकांना नोकऱ्या मिळाल्या हे खरं आहे, नाही म्हणत नाही, पण याचा उत्तिसच्या सावलीशी काही संबंध नाही.

दुसरा पैसा पाण्याचा. तिस्ता आणि तिच्या उपनद्यांवर वीज प्रकल्प, त्यातली १२ टक्के वीज राज्याला फुकट. ज्या गावात लाचेन छू आणि लाचुंग छू एकत्र येऊन तिस्ता होते त्या चुंगथांगला तिस्ता-३ चं धरण होतं, ६० मीटर उंच, १,२०० मेगावॅट, २०१७ ला सुरू झालेलं, जवळपास १४ हजार कोटी गेले आणि त्यात राज्य सरकारचा मोठा हिस्सा. झोंगू भागातले लेपचा आदिवासी लोक २००७ पासून उपोषणं करून सांगून राहिले होते की नदीवर इतकी धरणं नका बांधू. वर पाच हजार दोनशे मीटरवर साउथ ल्होनाक नावाचं हिमनदीचं तळं वर्षानुवर्षं वाढत होतं, ते फुटू शकतं असं अभ्यासकांनी लिहून ठेवलं होतं, २०१६ ला पाइप टाकून पाणी कमी करायचा प्रयत्न पण झाला. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री काठावरचा गोठलेला दगडमातीचा ढिगारा तळ्यात कोसळला, लाट उसळली, बांध फुटला आणि ४ तारीख उजाडायच्या आत चुंगथांगचं धरण गेलं. खाली सिंगतामचा इंद्रेणी पूल गेला, बरदांगला जवानांसकट लष्कराच्या गाड्या वाहून गेल्या, चाळीसच्या वर मृत्यू आणि त्याहून जास्त बेपत्ता. आमच्यासाठी तो इलायचीच्या तोडणीचा हंगाम. सिंगतामच्या आढतियाला फोन लागला तेव्हा तो म्हणाला दुकानात छातीएवढा गाळ आहे, माल विचारू नका. मी काय विचारणार.

तुमच्या लेखात या रात्रीचा शब्द नाही. आणि गंमत बघा, त्याच्या बरोबर अकरा दिवस आधी, २३ सप्टेंबरच्या पहाटे, आपल्याकडे शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी लोकांच्या बेडरूममध्ये शिरली, बर्डीतली दुकानं बुडाली. आपण सांडव्यासमोर काय बांधलं आणि नदी किती बुजवली यावर कोर्टात केस चालली. ल्होनाकचं संकट फार मोठं, त्याची बरोबरी नाही, पण पाण्याच्या वाटेत बसायची सवय दोन्हीकडची सारखी. आता चुंगथांगलाच काँक्रीटचं ११८ मीटरचं धरण उभं करायला तज्ज्ञ समितीनं २०२५ च्या जानेवारीत हिरवा कंदील दिला, म्हणजे आधीच्या जवळजवळ दुप्पट उंच. वीज पाहिजे, मान्य. कोराडी आणि चंद्रपूरच्या वीजकेंद्रांची राख खाणाऱ्या माणसाला वीज कोणासाठी तयार होते आणि धूळ कोणाच्या नाकात जाते हे समजावून सांगायची गरज नाही.

बरं, शिकण्यासारखं काहीच नाही असं पण नाही. प्लास्टिकच्या पिशव्या त्यांनी १९९८ लाच बंद केल्या. लाचेनमध्ये झुमसा म्हणून गावपंचायतीची जुनी पद्धत आहे, तिनं स्वतःच बाटलीबंद पाणी बंद केलं, पर्यटकाची बाटली काढून घेतात, आणि २०२२ पासून तर पूर्ण राज्यात बंदी. हे आपल्या फुटाळा तलावावर उद्यापासून करता येतं, त्याला ना डोंगर पाहिजे ना उत्तिस. त्याच्यावर लिहा ना चार कॉलम. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणाऱ्या आपल्या लोकांसाठी पण लिहा की सिलिगुडीहून वर जाणारा दहा नंबरचा हायवे तिस्ताच्या काठानंच जातो, पावसाळ्यात दरडी पडून कधी बंद होईल नेम नाही, सिवोक-रंगपो रेल्वेचं काम २००९ ला भूमिपूजन झाल्यापासून चालूच आहे, बहुतेक सगळं बोगद्यातून, म्हणून हातात एक-दोन दिवस जास्तीचे ठेवूनच परतीचं तिकीट काढावं. मागं ओळखीतलं एक कुटुंब दरडीमुळं अडकलं, टूरवाल्यानं हात वर केले आणि पोरांना गाडीत बिस्किटांवर रात्र काढावी लागली.

माझं म्हणणं एवढंच की शेती एका कागदावर, औषधाचे कारखाने दुसऱ्या आणि धरण तिसऱ्या कागदावर असं नका छापू, तिन्ही एकत्र मांडा, बेरीज-वजाबाकी वाचक करून घेतील. कृषी विद्यापीठातल्या कोणाला तरी विचारून विदर्भात कोणत्या पिकाला जैविक खरंच परवडतं, संत्र्याला की तुरीला की कशालाच नाही, यावर लिहून घेतलं तर कात्रण कापून दुकानात लावीन.

आणि जाता जाता एक वैयक्तिक काम. तुमच्या बाजारभावाच्या कॉलममध्ये 'इलायची' म्हणून एकच भाव येतो, तो हिरव्या इलायचीचा असतो. गिऱ्हाईक पेपर घेऊन दुकानात येतं आणि बडीच्या भावावरून वाद घालतं. बडी वेगळी छापा, जमलं तर बडादाना आणि छोटादाना पण वेगळा.

आपला,
इतवारीतला एक मसालेवाला, नागपूर